ठरवून केलेलं सिझेरियन: 'बरी आहे' हे मोजायचं कसं?

गुंगी

मी भूलतज्ज्ञ आहे. गेल्या काही वर्षांत आम्ही ठरवून होणाऱ्या सिझेरियनचा सगळा क्रम बदलत आणलाय. थोडक्यात सांगते. जड खाणं सहा तास आधी बंद, पण साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. अँटिबायोटिक चीर देण्याआधी. भूल मणक्यातून, आणि त्याच इंजेक्शनात अगदी थोडं मॉर्फिन. रक्तदाब पडल्यावर धावपळ नको म्हणून फिनाइलेफ्रिन सुरुवातीपासूनच चालू. नाळ निदान एक मिनिट थांबून कापायची, बाळ तिथेच आईच्या छातीवर. मग काही तासांत खाणं, लघवीची नळी लवकर बाहेर आणि त्याच दिवशी पहिलं उभं राहणं.

यात आमची अक्कल काही नाही. डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केहलेट यांनी १९९० च्या दशकात आतड्याच्या शस्त्रक्रियांसाठी रुग्ण लवकर सावरावा म्हणून हा विचार मांडला. सिझेरियनसाठीची इरास सोसायटीची (इरास म्हणजे शस्त्रक्रियेनंतर लवकर सावरण्याची पद्धत) मार्गदर्शक तत्त्वं २०१८-१९ मध्ये तीन भागांत आली. आम्ही त्यातलं जमेल तेवढं उचललं.

आता मूळ मुद्दा. मध्यंतरी एका बैठकीत मी सांगितलं की आमच्या बाळंतिणी आता आधीपेक्षा लवकर घरी जातात. सगळे खूश. दुसऱ्या दिवशी राउंडला एकीला विचारलं, "कशी आहेस?" ती म्हणाली, "बरी आहे." मी वहीत तसं लिहिलं आणि पुढे निघाले. काहीतरी विसरलं म्हणून परत फिरले, तर ती पलंगाच्या कडेला बसून पाळण्याकडे हात लांब करत होती आणि हात पोचत नव्हता. बाळ रडत होतं. मला पाहून तिने हात मागे घेतला आणि हसली.

ती माझ्या हिशोबात 'यशस्वी' होती. दुसऱ्या दिवशी घरीही गेली.

तेव्हापासून डोक्यात आहे की आपण मोजतोय ते काय? खाट किती तासांत रिकामी झाली ते. ती बाई कितपत सावरली, याचा त्यात पत्ताच नाही. २०१९ मध्ये नेमकी यासाठी, ठरवून केलेल्या सिझेरियननंतर विचारायची अकरा प्रश्नांची एक यादी प्रसिद्ध झाली: ऑब्सक्यूओआर-११. मध्यम वेदना, तीव्र वेदना, मळमळ-उलटी, चक्कर, थंडी वाजून थरथर, एकूण आराम, स्वतःहून हालचाल, बाळाला मदतीशिवाय धरणं, मदतीशिवाय पाजणं, स्वतःची स्वच्छता आणि शेवटचा प्रश्न 'सगळं आपल्या हातात आहे असं वाटतंय का'. प्रत्येकाला शून्य ते दहा, एकूण ११०; जास्त गुण म्हणजे जास्त सावरली. भरायला दोन-चार मिनिटं लागतात.

हे आमच्याकडे सुरू करायचं म्हणतेय. ज्यांचं सिझेरियन झालंय त्यांनी, वॉर्डात काम करणाऱ्यांनी आणि आकड्यांत रमणाऱ्यांनी मोकळेपणाने बोला. 'छान उपक्रम' वगैरे नको, खोट काढा.

---

दुसरेपणची

दोन्ही सिझर ठरवून. त्यामुळे तुलना करायला मी आयतीच सापडले तुम्हाला.

पहिल्या वेळी आदल्या रात्रीपासून पाण्याचा थेंब नाही. सकाळी दहाची वेळ दिलेली, आत घेतलं अडीचला. जीभ टाळ्याला चिकटली होती. नळी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत, आणि 'गॅस पास झाल्याशिवाय काही नाही' हे वाक्य तर मला झोपेतही ऐकू यायचं. दुसऱ्या वेळी दवाखाना वेगळा होता. निघायच्या आधी पाणी प्यायले, दुपारी खाल्लं, संध्याकाळी चार पावलं टाकली. जमीन-अस्मानाचा फरक, खोटं कशाला बोलू.

पण दोन गोष्टी. एक, अंगाला सुटलेली खाज. नाक तर सोलून निघेल की काय असं वाटलं. मला वाटलं कसली तरी रिअ‍ॅक्शन आली, घाबरून गेले. कुणी आधी एक शब्द सांगितला नव्हता. दोन, पहिला दिवस इतका छान गेला की मी घरच्यांना फोनवर 'काही दुखत नाही गं' असं सांगत सुटले. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर मात्र कुशीवर वळतानासुद्धा डोळ्यांत पाणी. मला वाटलं आत काहीतरी उसवलं.

तुमचे अकरा प्रश्न मला पहिल्या दिवशी विचारले असते तर मी शंभरच्या वर दिले असते.

---

गुंगी

@दुसरेपणची, तुमच्या शेवटच्या वाक्यावर मी बराच वेळ अडकून बसले.

मणक्यातलं मॉर्फिन साधारण १०० मायक्रोग्रॅमच्या आसपास असतं, म्हणजे एका ग्रॅमचा दहा हजारावा भाग. एवढ्याशा औषधाचा असर १२ ते २४ तास राहतो. आणि ती यादी प्रामुख्याने तपासली गेली २४ तासांच्या टप्प्यावर. म्हणजे औषध अजून पाठीशी उभं असताना किंवा नुकतंच ओसरत असताना आपण विचारणार 'कसं वाटतंय', आणि ती म्हणणार 'झकास'. खरी घसरगुंडी त्यानंतर. तुमचं काही उसवलं नव्हतं, मॉर्फिन उतरलं होतं आणि मागून दुसरं काही आलं नव्हतं.

एक विचारते. तुमच्या गोळ्या वेळेवर ठरलेल्या होत्या की 'दुखलं तर सांगा' अशा?

खाजेबद्दल: ती मॉर्फिनचीच, फार जणींना होते आणि बहुधा आपोआप जाते. ती अ‍ॅलर्जीची खाज नसते, म्हणून अ‍ॅलर्जीच्या गोळ्यांनी फारसा फरक पडत नाही, उलट झोप येते. फार झाली तर नाल्ब्यूफिनसारखं औषध थोड्या मात्रेत देता येतं. आधी सांगायला हवं होतं हे मात्र शंभर टक्के खरं. भूल देतानाच दोन वाक्यं पुरतात.

---

दुसरेपणची

'दुखलं तर सांगा.' आणि मी सांगितलं नाही. सारखं काय बोलवायचं सिस्टरना, त्यांना काय मी एकटीच आहे का.

---

रात्रपाळी

मी प्रसूती वॉर्डात सिस्टर आहे, बरीच वर्षं. ताई, 'सांगा' म्हटलं की बायका सांगत नाहीत. कागदावर 'गरजेनुसार' लिहिलेली गोळी रात्री बहुतेक वेळा दिलीच जात नाही. आम्ही कामचुकार म्हणून नाही, कुणी मागितलेलीच नसते म्हणून. पॅरासिटामॉल आणि सूज-वेदनेची गोळी घड्याळ लावून दिली तर मागायचा प्रश्नच नाही. झोपली असेल तर उठवून द्यायची.

गुंगी मॅडम, राग मानू नका, पण तुमची यादी भरून घेणार कोण? आम्हीच ना? मी जिला पहाटे पॅड बदलायला मदत केली ती मला तोंडावर कमी मार्क देईल का? ती दहाच देणार. आणि दुसरं, त्यात अर्धे प्रश्न उलटे आहेत. 'वेदना' ला दहा म्हणजे वेदना मुळीच नाही, असंच ना? मी दोघींना नुसतं तोंडी विचारून पाहिलं. एकीने हसत 'दहा' म्हटलं. विचारलं, म्हणजे दुखत नाही का? म्हणे, "अहो, दहा म्हणजे खूपच दुखतंय की!" असे फॉर्म भरले तर जिला जास्त त्रास तिलाच जास्त गुण.

नळीबद्दल पण बोलते. लवकर काढा म्हणता, काढतो. संध्याकाळी काढली तर पहिल्यांदा लघवीला जायची वेळ येते रात्री, जेव्हा मी आणि एक मावशी एवढ्याच असतो. पहिल्यांदा उठवताना दोघी लागतात. आधी पाय खाली सोडून पाच मिनिटं बसवायचं, चेहरा बघायचा, मगच उभं करायचं. एकीला घाईत उठवलं आणि ती बाथरूमच्या दारात पांढरीफटक होऊन खाली बसली. सुदैवाने मी मागेच होते. शिवाय नळी काढल्यावर सहा तासांत लघवी झाली का, किती झाली, हे पाहावं लागतं, नाहीतर मूत्राशय तटतटून फुगतं आणि तिला कळतही नाही, कारण भुलेचा असर. तुमच्या तक्त्यात नळी काढल्याची वेळ असते. 'काढली तेव्हा वॉर्डात कामाला किती जणी होत्या' याचा रकाना नसतो.

---

शंकासुर

नावाला जागून शंका काढतो. ही सगळी 'लवकर बरं व्हा' भानगड खाटा लवकर रिकाम्या करायची युक्ती आहे. आधी लवकर घरी पाठवायचं, मग तिच्याकडूनच दहापैकी दहा लिहून घ्यायचे आणि तो आकडा भिंतीवर लावायचा. सात थर कापून पोटातून बाळ काढलेल्या बाईला सहा तासांत चालवण्यात कौतुक कसलं?

---

गुंगी

@शंकासुर, युक्ती म्हणून वापरता येते हे मान्यच. म्हणूनच फक्त चांगले आकडे मोजायचे नाहीत. किती जणी परत दाखल झाल्या, किती जणींना नळी पुन्हा घालावी लागली, कोण पडलं, कुणाची जखम चिघळली, कोण रात्री-बेरात्री परत आली, हे त्याच कागदावर शेजारी हवं. घरी जायचा वेळ कमी झाला आणि परत येणाऱ्या वाढल्या तर ती सुधारणा नव्हे.

पण लवकर चालवण्यामागे कौतुकाचा भाग नाही हो. गरोदरपणात रक्त गोठण्याकडे झुकलेलं असतं, आणि तो धोका बाळंतपणानंतर सहा आठवडे राहतो. सिझेरियननंतर तो आणखी वाढतो. पायात गुठळी होऊन ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. पलंगावर पडून राहणं ही विश्रांती वाटते, पण ती फुकटची नाही. खाण्याचंही तेच. सिझेरियनमध्ये आतड्याला कापाकाप नसते, त्यामुळे गॅस पास होईपर्यंत उपाशी ठेवण्याला आधार नाही. अवांतर: २०१६ च्या एका कॉक्रन आढाव्यात (अनेक अभ्यास एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष) सिझेरियननंतर च्युइंगगम चघळणाऱ्यांचा गॅस सुमारे सात तास लवकर पास झाला असं आढळलं. चघळल्याने आतड्याला वाटतं जेवण येतंय. मला स्वतःला हे फार आवडतं, आतड्याला गंडवणं. अर्थात वेळेवर जेवणच दिलं तर गंडवायची गरज उरत नाही.

@रात्रपाळी, राग कसला, हेच हवं होतं. उलट्या प्रश्नांचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. ११० च्या कौतुकात होते.

---

आकडेमोड

दवाखान्याशी संबंध नाही, पण आयुष्य तक्ते करण्यात गेलंय. म्हणून चार गोष्टी.

बदल करून झाल्यावर मोजायला सुरुवात केली तर 'आधी' कुठून आणणार? तुमचं बरंचसं करून झालंय असं दिसतं, तेव्हा ती गाडी सुटली. पण गोळ्या घड्याळाने देणं अजून व्हायचंय ना? मग आज काहीच न बदलता महिनाभर नुसतं विचारा. हा महिना फार जड जातो, कारण दुखतंय हे दिसत असतं आणि आपण लिहीत बसलेले असतो. दिसलेल्या प्रत्येक बाईला मदत करायचीच, फक्त पद्धत तेवढी बदलायची नाही.

एकूण बेरीज बघू नका. ११० पैकी ९५ म्हणजे काय? एकीला सगळं थोडं थोडं खुपत असेल आणि दुसरीला सगळं झकास पण बाळ उचलता येत नसेल. दोघी ९५. तुमची ती पाळण्याकडे हात करणारी बाई बेरजेत हरवेल. प्रश्नवार बघा.

सरासरीपेक्षा मध्यक (सगळे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) घ्या, आणि आठवड्यागणिक एकेक ठिपका मांडत जा. सलग सहा ठिपके मध्यकाच्या एकाच बाजूला पडले तर काहीतरी खरंच हललं असं धरायची पद्धत आहे. एका चांगल्या आठवड्यावर बैठकीत पेढे वाटू नका.

आणि सगळ्यात मोठी फट: फॉर्म न भरलेल्या कोण? जिला उलट्या होताहेत, जिचं बाळ अतिदक्षता विभागात आहे आणि ती तिकडे जाऊन बसली आहे, जी वाचू शकत नाही. त्या गळल्या की आकडा आपोआप सुंदर होतो. तेव्हा कितींना विचारलं आणि कितींनी उत्तर दिलं हे प्रत्येक ठिपक्याखाली लिहा. सिस्टरसमोर उत्तर द्यायला संकोच होतो म्हणालात, तर कागद तिच्या हातात द्या, ती पेटीत टाकेल. न वाचता येणारीला वॉर्डाबाहेरच्या कुणीतरी वाचून दाखवावं.

---

हळूहळू

फिजिओ आहे, फक्त उठण्यापुरतं लिहिते. पाठीवरून सरळ उठायचा प्रयत्न केला की टाक्यांवर सगळा ताण येतो, आणि मग बाई म्हणते 'मला चालता येत नाही'. चालता येत असतं, उठता येत नसतं! गुडघे दुमडा, अख्खं अंग एकदम कुशीवर वळवा, पाय कडेखाली सोडा आणि हाताने रेटून बसा. खोकला आला तर पोटावर उशी घट्ट दाबा. हे ऑपरेशनच्या आदल्या दिवशी शिकवायचं, कारण तेव्हा ऐकायला डोकं जाग्यावर असतं.

आणखी एक. वेदना पडल्या पडल्या विचारू नका. पडून राहिल्यावर दोन, उठताना सात असं कितीतरी वेळा असतं. उठताना किती दुखतं ते विचारा.

---

बाबालोक

वर सगळं वॉर्डातलं चाललंय. आमच्याकडे खरा प्रकार घरी आल्यावर सुरू झाला. दवाखान्यात बायको अगदी ठणठणीत, तुमच्या भाषेत शंभर. दोन आठवड्यांनी ती बाळाकडे बघायचीही टाळायला लागली. आम्हाला वाटलं थकवा. तो कुठे मोजता?

आणि नेमकं कशाला घाबरायचं हे कुणी सांगितलं नव्हतं. कागदावर 'काही त्रास झाल्यास संपर्क साधा'. काही म्हणजे काय?

---

गुंगी

@बाबालोक, तुमची तक्रार रास्त आहे आणि उत्तर अर्धंच देऊ शकते. आमची यादी पहिल्या दोन-तीन दिवसांची, तिला मनाचं हे कळत नाही. त्यासाठी १९८७ पासून वापरात असलेली एडिनबरो प्रसूतिपश्चात नैराश्य मोजपट्टी आहे. दहा प्रश्न, शून्य ते तीस. त्यातला दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दलचा. तिथे 'कधीच नाही' सोडून काहीही उत्तर आलं तर एकूण बेरीज कितीही कमी असो, त्याच दिवशी बोलायचं. ही पट्टी निदान करत नाही, कुणाशी नीट बसून बोलायला हवं तेवढं दाखवते. घरच्यांनी मात्र पट्टीची वाट बघू नये. बाळाकडे बघणं टाळतेय, बाळ झोपलं तरी हिला झोप नाही, 'माझ्याशिवाय बरं चाललं असतं' असं म्हणतेय, तर थेट डॉक्टर.

'काही म्हणजे काय' याचं उत्तर: ताप. जखमेतून पू, किंवा भोवती लाली वाढत जाणं. तासाभरात पॅड पूर्ण भिजवणारा रक्तस्राव. एकाच पायाची पोटरी दुखणं, सुजणं. अचानक दम लागणं, छातीत दुखणं. जोराची डोकेदुखी आणि डोळ्यांपुढे अंधारी (रक्तदाब बाळंतपणानंतरही वाढू शकतो). आणि बसल्यावर सुरू होऊन आडवं झाल्यावर थांबणारी डोकेदुखी, ही मणक्यातल्या सुईची असू शकते, तिच्यावर उपचार आहेत. यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही.

तुमची बायको आता कशी आहे?

---

बाबालोक

आता ठीक. उपचार घेतले. विचारल्याबद्दल आभार.

---

दुसरेपणची

मला त्या अकराव्या प्रश्नाबद्दल लिहायचंय. 'सगळं आपल्या हातात आहे का'. पहिल्या वेळी वेदना, तहान हे सगळं मी विसरले. विसरले नाही ते हे, की बाळ बाहेर काढलं आणि कुणीतरी घेऊन गेलं. वीस मिनिटं मला कुणी काही सांगितलं नाही. पडद्यापलीकडे सगळे बोलत होते, कालच्या मॅचबद्दल. बाळ ठीक होतं, नुसतं वजन वगैरे चाललं होतं. दुसऱ्या वेळी भूलतज्ज्ञ बाई डोक्याशी बसून सांगत होत्या, आता ओढल्यासारखं वाटेल, आता बाळ येतंय, आता रडेल. एवढंच. त्याला काय खर्च आला?

---

शंकासुर

हे वाचून जरा वरमलो. अकरावा प्रश्न राहू द्या.

---

गुंगी

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. महिनाभर काही न बदलता विचारलं, २४ तासांनी आणि पुन्हा ४८ तासांनी. कागद पेटीत, मोजपट्टीखाली चेहरे काढले, आणि उलट्या प्रश्नांच्या दोन्ही टोकांना शब्द लिहिले: 'सतत' आणि 'मुळीच नाही'. असे फेरफार केल्यावर हे गुण दुसऱ्या कुठल्या दवाखान्याशी ताडता येणार नाहीत हे मला माहीत आहे. आमच्या घरात बघण्यापुरते आहेत.

वेदनेचे गुण दुसऱ्या दिवशी पडले, ते @दुसरेपणची यांनी सांगितलंच होतं. गोळ्या आता घड्याळाने, आणि मॉर्फिन ओसरायच्या आधीपासून. पॅरासिटामॉल आणि सूज-वेदनेची, दोन्ही गोळ्या पाजणाऱ्या आईला चालणाऱ्या आहेत. कोडीन आम्ही ठेवतच नाही, काही बायकांच्या शरीरात त्याचं झपाट्याने मॉर्फिन होतं आणि ते दुधातून बाळाला पोचतं.

अनपेक्षित निघालं ते दुसरंच. 'बाळाला मदतीशिवाय धरणं' याला वेदना कमी असलेल्या बायकाही कमी गुण देत होत्या. कारण कळेना. शेवटी एकीला विचारलं, तर तिने नुसता हात पुढे केला. सलाइनची सुई उजव्या हाताच्या कोपरात. हात वाकवला की पंप ओरडतो. बाळ धरणार कसं? ती सुई मीच घातली होती. कोपरातली शीर जाड असते, पटकन सापडते, म्हणून. आता डाव्या हाताला, मनगटाच्या वर, आणि डावखुरी असेल तर उलट. पिऊ लागली की सलाइन काढून टाकायचं. पाळणेही पलंगाच्या उंचीला आणून चिकटवले.

ठिपके मांडतेय. अजून सहा झाले नाहीत, @आकडेमोड, पेढे नाहीत.

---

रात्रपाळी

सुईचं आम्ही किती वर्षं म्हणत होतो, ते असो. नळी दुपारी चारच्या आत काढायची की नाही, त्याचं काय ठरलं?

---

गुंगी

सर्जन म्हणतात दुपारच्या केसेस संपतातच पाचला. उद्या तुम्हीच या बैठकीला. तो रिकामा रकाना घेऊन या.